बाभळीच्या मुळांत

आमच्याकडं बाभूळ कुणी लावत नाही, ती येते. उन्हाळ्यात शेरडं पिकल्या शेंगा खातात, त्यांच्याबरोबर बी रानभर हिंडतं आणि मृगाचा पाऊस पडला की बांधाच्या दगडांमधून कोवळी पानं वर येतात. जिंतूरकडच्या मुरमाड माळावर नांगराचा फाळ खडकाला लागतो, तिथंही ती येते. शेणखताची पाटी तिच्या वाट्याला कधी आलेली नसते. तरी तिच्या लाकडाचं औत होतं, गाडीची चाकं होतात, काट्यांचं कुंपण होतं, डिंक होतो, शेरडांना पाला मिळतो. इतकं सगळं देणारं हे झाड स्वतः कशावर पोसतं, हा प्रश्न मला बांधावर उभं राहिलं की हटकून पडतो.

उत्तर हातात धरता येतं. रान चांगलं ओलं असताना बांधावरचं वीतभर रोप खुरप्यानं खालून माती उचलून सोडवावं. ओढलं तर हवं ते नेमकं मातीत राहतं. मग ते बादलीत बुचकळून ठेवावं. काळी माती चिवट, सुटायला वेळ घेते. पाणी गढूळ होत जातं आणि बारीक मुळ्यांवर मोहरीच्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसू लागतात. त्यांतली एक नखानं चिरावी. आत गुलाबी रंग असतो, ओला, ताजा. झाडाच्या अंगात हा रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या मुळीकडं बघत राहिलो.

तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातलं हे प्रथिन. गाठीच्या पेशींत रायझोबियम कुळातले जिवाणू दाटीवाटीनं राहतात आणि हवेतला नायट्रोजन, म्हणजे नत्र, झाडाला पचेल अशा रूपात आणतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कुठल्याही झाडाला ते एकट्यानं सुटत नाहीत. युरियाच्या गोणीसाठी लागणारा अमोनिया करताना कारखान्यात चारशे अंशांच्या आसपास तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. बाभळीची मुळी तेच काम मातीच्या गारव्यात करून घेते. अडचण एकच. जिवाणूंच्या ज्या विकरामुळं हे घडतं, ते प्राणवायूनं निकामी होतं आणि जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. ते गुलाबी प्रथिन प्राणवायूला धरून ठेवतं आणि लागेल तसा, जपून पोचवतं. अशा नाजूक तोलावर माळावरचं एवढं काटेरी झाड उभं आहे.

जिवाणू मुळात शिरतात तेही झाडाच्या मर्जीनं. सोयाबीनसारख्या पिकांत हे फार बारकाईनं तपासलं गेलं आहे. नत्राची चणचण भासली की मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं. ती ओळखणारे जिवाणू उलट आपली खूण पाठवतात. ती खूण पटली तर मूळकेस टोकाशी वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत जायला एक बारीक नळी तयार करून देतो. खूण पटली नाही तर वाट मिळत नाही. म्हणूनच हरभऱ्याचं जिवाणू संवर्धक सोयाबीनला चालत नाही. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञानं गाठींमधले जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून वाढवले. त्याआधी दोनच वर्षं हेलरीगेल या जर्मन संशोधकानं गाठी आणि नत्राचा संबंध मांडला होता. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना मुगाच्या बेवडावर रब्बी ज्वारी जोमानं येते हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

आत घेतलेल्या जिवाणूंना झाड पोसतं. पानांनी उन्हात केलेल्या साखरेतला मोठा वाटा त्यांच्यासाठी खाली जातो. यात भाबडेपणा नाही. २००३ साली सोयाबीनवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी अरगॉन भरला, म्हणजे जिवाणूंची इच्छा असो-नसो, त्यांच्या हातून काम होऊ नये. रोपानं त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि आतल्या जिवाणूंची वाढ खुंटली. आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं आणि वर्षभर दोघांनी ते निभवायचं असतं; इथं हिशेब रोजच्या रोज होतो. तरीही हा नुसता व्यवहार आहे असं मला वाटत नाही. लेगहिमोग्लोबिन झाड बनवतं ते जिवाणू आत असतात म्हणून, आणि जिवाणू नायट्रोजन फोडतात ते झाडानं तशी जागा केली म्हणून. दोघांना जे एकेकट्यानं जमत नाही ते त्या गाठीत होतं. मग बाभळीचा चिवटपणा नक्की बाभळीचा किती आणि मुळांतल्या जिवांचा किती? मला तरी ती वाटणी करता येत नाही.

श्रावणात निंदण चालू असताना एका मावशींनी सोयाबीनचं उपटलेलं झाड माझ्यापुढं धरलं. "दादा, गाठी धरल्यात बघा मुळाला. रोग पडायलाय का?"

"रोग नाही मावशी. ह्याच गाठी पिकाला पोसायल्यात."

"मंग समदे वरून खत कशाला टाकायलेत?"

याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसता. पेरणीसोबत थोडा नत्र द्यायचा तो गाठी धरेपर्यंत रोपाला आधार म्हणून. त्यापुढं युरिया फेकत राहिलं की झाड नव्या गाठी धरायचं कमी करतं, असलेल्याही मंदावतात. आयतं मिळत असताना ते साखर कशाला खर्च करील? मावशींची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती, कारण सूत्रकृमींमुळंही मुळांना गाठी येतात. तेव्हा मूळच फुगतं, गाठ नखानं सुटी होत नाही. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, अलगद निघते आणि आत गुलाबी असते. रानात पाणी साचलं की तीच गाठ गुदमरते आणि वर पीक पिवळं पडतं.

गाठी चांगल्या धराव्यात म्हणून पिकाला बाहेरूनही जिवाणू देता येतात. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. दरवर्षी १८ मे रोजी, त्याच्या वर्धापनदिनी, खरीप मेळाव्याला माणसं लोटतात आणि बियाण्याबरोबर जिवाणू संवर्धकही घेऊन जातात. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियाण्याला चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. उन्हात सुकवलं की त्यातले जीव मरतात. पिकासाठी आपण एवढं तरी करतो. झाडांसाठी कुणी करत नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं.

शेंगा येणारं प्रत्येक झाड गाठी धरतं असंही नाही. चिंच धरत नाही, बहावा धरत नाही, दसऱ्याला ज्याची पानं आपण सोनं म्हणून वाटतो तो आपटाही नाही. करंज, शेवरी, हादगा, पांगरा, गिरिपुष्प धरतात. पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, हादगा आणि पांगरा लावणाऱ्या जुन्या माणसांना रायझोबियम माहीत नसेल, पण झाडांची पारख होती. वेडी बाभूळही गाठी धरते. नदीकाठ आणि पडीक रानं तिनं बळकावली त्यामागं हेही एक बळ आहे. जिवाणू भल्याबुऱ्याची निवड करत नाहीत.

कडुलिंब, आंबा यांना गाठी नसतात, पण त्यांची मुळंही रिकामी नसतात. झाडांच्या मुळांत पेशींच्या फटींमध्ये जिवाणू राहतात. पाण्याचा ताण पडला की रोपात इथिलीन वाढतं आणि मुळाची वाढ थांबते. काही जिवाणू ते इथिलीन ज्यापासून बनतं ते द्रव्यच खाऊन टाकतात आणि मूळ ओलीच्या दिशेनं चालत राहतं. आफ्रिकेत सेनेगलमध्ये बाभळीच्या गोतातल्या एका झाडाखाली ३४ मीटर खोल, पाण्याच्या पातळीजवळ, गाठींतल्यासारखे नत्र आणणारे जिवाणू सापडले. आपल्याकडच्या कितीतरी विहिरीसुद्धा तेवढ्या खोल नसतात.

आता बांध कोरले जातात. जेसीबी येतो, दोन तासांत बाभळी आडव्या होतात आणि पिकाची दोन तासं जास्तीची मिळतात. सावलीत पीक दबतं ही तक्रार खरी आहे. त्यासाठी सरळ वाढणारी, कमी सावली देणारी रामकाठी बाभूळ आहे, फांद्या छाटणं आहे. पण मुळासकट बाभूळ गेली की वर्षानुवर्षं तिच्या पाल्यानं आणि कुजलेल्या मुळ्यांनी त्या पट्ट्याला मिळणारा नत्रही जातो, आणि गाठी फुटून मातीत परतणारे जिवाणूही यजमानाविना हळूहळू विरळ होतात.

पावसाळ्यात झाडं लावण्याचे कार्यक्रम होतात. रोपवाटिकेतल्या पिशव्यांत बहुधा गाळाची माती, रेती आणि खत असतं. बाभूळ, करंज, शेवरी, गिरिपुष्प यांच्या पिशव्या भरताना त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची माती मूठ-मूठ मिसळावी. बुंध्याजवळचा पालापाचोळा सारून, बारीक मुळ्या असतील तिथली, ओलसर माती घ्यावी, उन्हात न ठेवता लगेच वापरावी. पिशवीत युरिया घालू नये. रोप लावण्याआधी एखादी पिशवी फोडून मुळं धुवावीत आणि गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी दिसलं तर बाकीची रोपं खुशाल माळावर न्यावीत.