नकाशाच्या आधीचा कागद

आपल्याकडे जमातीची एखादी इमारत बांधायची ठरली की सगळ्यात आधी येते ते चित्र. कुणीतरी मोबाइलवर मोठ्या शहरातल्या शादीखान्याचा फोटो दाखवतो, "असंच करू या" म्हणतो, आणि पुढच्या जुम्यापर्यंत चंद्याची पावतीपुस्तके छापून तयार असतात. पावतीवरही तेच चित्र. इमारतीत कोण येणार, किती येणार, कधी आणि काय करायला येणार, हे प्रश्न निघतात ते स्लॅब पडल्यावर. तोवर ऐकणारा ठेकेदारही उरलेला नसतो आणि पैसाही.

आमच्या तालुक्याच्या गावी मशिदीमागे जमातीची सहा गुंठे मोकळी जागा आहे. तिथे 'कम्युनिटी हॉल' बांधायचे ठरले. कमिटीकडे ३५ लाख रुपये जमले होते. माझी भाची पुण्यात आर्किटेक्ट आहे, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे मला सांगण्यात आले, "सर, भाचीकडून प्लॅन काढून आणा." मी फोन केला. ती म्हणाली, "मामू, प्लॅन काढून देते, पण आधी मला प्रोग्राम द्या."

मला वाटले उद्घाटनाचा कार्यक्रम विचारते आहे. मग तिने समजावले. इमारतीत काय काय घडणार, कुणासाठी, किती माणसांसाठी, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशाच्या शेजारी आणि किती पैशांत, हे सगळे एकही रेघ न काढता लिहून ठेवलेला कागद म्हणजे प्रोग्राम. आमच्या कमिटीत त्याचे नाव 'गरजांचा कागद' पडले. मीही पुढे तेच वापरतो.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या कॉडिल रौलेट स्कॉट या आर्किटेक्ट कंपनीने शाळांच्या इमारती करताना ती घडवली. त्यांची माणसे शाळेच्या गावी जाऊन मुक्काम करायची, शिक्षकांशी बोलायची आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट कार्डावर लिहून भिंतीवर लावायची. त्याच कंपनीतल्या विल्यम पेन्या यांनी १९६९ साली 'प्रॉब्लेम सीकिंग' हे पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रश्न शोधणे हे एक काम आणि तो सोडवणे हे दुसरे. पहिले संपण्याआधी दुसरे सुरू करू नये. त्यांच्या पायऱ्या पाच: उद्दिष्ट ठरवणे, माहिती गोळा करणे, कल्पना तपासणे, गरजा ठरवणे आणि शेवटी प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणे. प्रत्येक पायरीवर चार बाजू बघायच्या: उपयोग, रूप, पैसा आणि काळ.

वाचायला सोपे आहे, पण पहिल्याच मिटिंगमध्ये कळले की आम्ही गरजा सांगतच नव्हतो, उपाय सांगत होतो. एकजण म्हणाले, "वरचा मजला पाहिजेच." कशासाठी? "मुलींच्या अभ्यासासाठी." मुली कधी येणार? "शाळा सुटल्यावर, संध्याकाळी." मग खालीच का नको? "खाली तर हॉल आहे ना!" म्हणजे वरचा मजला मुलींनी मागितलाच नव्हता. न बांधलेल्या हॉलने त्यांना आधीच वर पाठवून दिले होते.

मग मी आणि उर्दू शाळेतले दोन शिक्षक वही घेऊन बसलो. निकाहाचे रजिस्टर काढले. मागच्या वर्षी गावात ४१ निकाह झाले होते. बरेच एकाच दिवशी होते; दिवस मोजले तर २८ भरले. उरलेले ३३७ दिवस त्या हॉलला कुलूप लागणार होते. दुसरीकडे, दहावी-बारावीची मुले मशिदीच्या पायऱ्यांवर आणि सायकलच्या दुकानाच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली रोज दिसायची. मुली कुठेच दिसायच्या नाहीत. त्या घरी बसायच्या, दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही आणि पाहुण्यांच्या मधोमध.

त्यानंतर भाचीने हिशेब मांडला. वलीम्याला चारशे माणसे धरली होती. राष्ट्रीय इमारत संहितेत, बाहेर पडण्याच्या वाटा ठरवताना, जेवणाच्या जागेत दर माणशी दीड चौरस मीटर धरतात, म्हणजे सुमारे १६ चौरस फूट. त्या हिशेबाने चारशे माणसांना ६,४०० चौरस फूट लागतात. आमची सगळी जागाच साडेसहा हजारांची! पंगती कमी केल्या, खोल्या आखडल्या, तरी वापराची जागा ३,००० चौरस फूट होत होती. त्यावर भिंती, जिना आणि ये-जा करायच्या वाटा धरायच्या. म्हणजे बांधकाम सुमारे ४,२०० चौरस फूट. ठेकेदाराचा दर १,८०० रुपये. एकूण साडेपंच्याहत्तर लाख.

"मामू, तुमच्याकडे ३५ लाख आहेत," ती म्हणाली. "त्यात वापराची जागा १,३०० फूट मिळेल. ती २८ दिवसांसाठी वापरायची की ३६५, एवढंच मला लिहून द्या."

कमिटीत यावर बरीच गरमागरमी झाली. एक सदस्य म्हणाले, "आधी काम सुरू तर करू, लागेल तसं बदलत जाऊ." हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकले आहे. त्याची किंमत काय असते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसचे आहे. १९५६ च्या स्पर्धेत मागणी होती की मोठ्या सभागृहात ऑपेराही व्हावा आणि संगीताच्या मैफलीही. योर्न उत्झोन यांचे डिझाइन १९५७ साली निवडले गेले आणि नकाशे पुरे होण्याआधीच १९५९ साली काम सुरू झाले. १९६६ मध्ये उत्झोन काम सोडून गेले. त्यानंतर मोठे सभागृह मैफलीसाठीच ठेवायचे ठरले आणि ऑपेरा छोट्या सभागृहात गेला. मोठ्या रंगमंचासाठी बसवलेली यंत्रणा काढून टाकावी लागली. ज्या ऑपेराच्या नावाने ती इमारत ओळखली जाते, त्याच्याच वादकांना बसायला जागा अपुरी पडली. ७० लाख डॉलरचा अंदाज होता. १९७३ साली इमारत उघडली तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. त्याला कारणे अनेक होती, छताचे अवघड गणित हे त्यातले मोठे. पण गरज आधी नीट न ठरणे, हेही एक होते. त्यांच्याकडे लॉटरी काढून पैसे उभे करणारे सरकार होते. आमच्याकडे पावतीपुस्तक आहे.

कागद करताना भाचीने एक अट घातली होती. बायकांचे म्हणणे बायकांकडूनच घ्यायचे, त्यांच्या नवऱ्यांकडून नाही. माझ्या आपाने अस्रनंतर घरी पंचवीसेक बायकांना बोलावले. भाची पुण्याहून आली आणि लिहीत बसली. मी त्या खोलीत नव्हतो. नंतर यादी वाचली. पहिल्या चित्रात बायकांचे बाथरूम मागे, जनरेटरच्या पलीकडे होते. त्यांनी सांगितले की अंधारात तिकडे कुणी जाणार नाही. बाळाला दूध पाजायला आडोसा हवा. अभ्यासिकेचा दरवाजा रस्त्यावरून दिसणारा हवा, नाहीतर घरचे मुलींना पाठवणार नाहीत. आणि शिवणक्लास चालवणाऱ्या एका भाभींनी सांगितले, "खोली कुठलीही द्या, पण किल्ली आमच्याकडे द्या. मागच्या वेळी खोली दिली होती, किल्ली मिळाली नाही."

हे ऐकून मला मशिदीत महिलांच्या प्रवेशाचा विषय आठवला. पुण्यातल्या एका जोडप्याने २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात त्यासाठी याचिका केली. २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितले की महिलांना नमाजसाठी मशिदीत यायला मनाई नाही. फक्त जमातीने नमाज त्यांच्यावर बंधनकारक नाही. चांगलेच झाले. पण परवानगी असली तरी दरवाजा कुठे, वजूची सोय कुठे, चपला कुठे काढायच्या? ज्या इमारतीच्या गरजा लिहिताना त्यांना कुणी विचारलेच नाही, तिथे परवानगी घेऊन त्यांनी उभे कुठे राहायचे?

जे बायकांचे, तेच म्हाताऱ्यांचे. जुम्याला खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांची रांग दरवर्षी लांब होते आहे. आमच्या जागेजवळून नाला जातो, म्हणून जोते दोन फूट उंच घ्यावे लागणार. चढण सोपी राहावी म्हणून एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. म्हणजे चोवीस फुटांचा रॅम्प. पहिल्या चित्रात तिथे चार रुंद पायऱ्या आणि दोन सिंह होते. चोवीस फूट जागा आधी कागदावर राखली तर मिळते. नंतर मागायला गेलो तर तिथे पार्किंग झालेले असते.

सगळ्यात मोठा आक्षेप हाजीसाहेबांचा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "सर, लोक चंदा घुमट बघून देतात, कागद बघून नाही." चाळीस वर्षे ज्यांनी चंदा गोळा केला त्यांचा हा अनुभव आहे. मी त्यांना मदीनेतल्या मशिदीचीच आठवण करून दिली. इ.स. ६२२ मध्ये प्रेषितांनी (स.) बांधलेली ती मशीद म्हणजे कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचे छप्पर. तिथे नमाज व्हायची, मशवरा व्हायचा, बाहेरून आलेल्या लोकांच्या भेटी व्हायच्या, बायकाही नमाजला यायच्या. ज्यांना घर नव्हते त्यांच्यासाठी सुफ्फा होता. ते तिथेच राहायचे आणि शिकायचे. घुमट नव्हता, मिनारही नव्हते. मिनार आले ते आठव्या शतकाच्या सुरुवातीला, उमय्या खलिफा वलीद यांच्या काळात. आधी कामे होती, रूप नंतर आले. घुमटाला माझा विरोध नाही. तो यादीत पहिला असू नये, एवढेच.

हाजीसाहेब लगेच पटले असे नाही. पण त्यांनी एक सूचना केली: यादी मशिदीच्या फळ्यावर लावा, बघू काय होते. दोन पाने लावली. वर लिहिले, 'या इमारतीत काय होणार.' पुढच्या जुम्याला एका रिक्षावाल्या भावाने अभ्यासिकेच्या दोन पंख्यांचे पैसे दिले. दुसऱ्या एकाने विचारले की मय्यतीला बाहेरगावचे लोक येतात, त्यांना बसायला सोय कुठे आहे? ती यादीत नव्हती. ती घातली.

आता कागद असा आहे. पहिल्या टप्प्यात ७०० चौरस फुटांचा एक हॉल, जिथे निकाह होईल, मय्यतीचे लोक बसतील, शिबिरे होतील. वलीम्याची पंगत अंगणात मंडप टाकून. रस्त्याकडे स्वतंत्र दरवाजा असलेली ३५० फुटांची अभ्यासिका. उरलेल्या २५० फुटांत स्वयंपाक, सामान आणि पुढच्या बाजूला बाथरूम. रॅम्प. पाया वरच्या मजल्याचा भार पेलेल असा. मजला पुढे पैसे आल्यावर. नकाशा याच्यावरून काढला जातो आहे.

एक ओळ अजून ठरलेली नाही: अभ्यासिकेची किल्ली कुणाकडे. कमिटीत दोन मिटिंगा यावर झाल्या आणि दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला गेला. भाचीने ती ओळ खोडू दिली नाही. तिचे म्हणणे, किल्ली बायकांकडे असेल तर अभ्यासिकेचे बाथरूम आणि लाइटचे मीटर वेगळे लागेल, म्हणजे नकाशा बदलेल. तेव्हा परवानगीसाठी नगरपरिषदेत जाण्याआधी ठरवा. सही करायची तारीख तिने कागदावरच लिहिली आहे.

तुमच्या गावीही मदरसा, शादीखाना, वसतिगृह असे काही निघत असेल. पावतीपुस्तक छापण्याआधी एक वही घ्या. वर्षात कुठले काम किती दिवस होते ते मोजा. जे मिटिंगला येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारा. कुणी खोली मागितली तर तिथे काय करणार ते विचारा. मग हातातले पैसे मांडा आणि काय सोडायचे ते सगळ्यांसमोर ठरवा. चंद्याचा पैसा अमानत आहे असे आपण प्रत्येक बयानात ऐकतो. त्या अमानतीचा हिशेब बांधकामाच्या बिलांपासून सुरू होत नाही, या वहीपासून होतो.