पिळाचा सिमित

सिमितात लोणी नाही, अंडं नाही, सारण नाही. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि वरून भरपूर तीळ. इस्तंबूलमध्ये लाल हातगाड्यांवर काचेआड रचलेली ही तिळाची कडी लोक सकाळी चहाबरोबर खातात. सतराव्या शतकात ऑटोमन प्रवासी एव्लिया चेलेबीने आपल्या प्रवासवर्णनात शहरातल्या सिमितवाल्यांची दखल घेतली आहे. एवढ्या मोजक्या जिनसांतून इतकी चव येते, त्याचं श्रेय मी पिळाला देते.

५०० ग्रॅम मैद्याला मी २८० मिलिलिटर पाणी घेते. पीठ घट्टच हवं, सैल पिठाचा पीळ ओव्हनमध्ये बुजून जातो. पीठ फुगलं की आठ गोळे, प्रत्येकाचे दोन भाग आणि त्यांच्या हातभर लांब दोऱ्या. वळताना पीठ आखडायला लागलं तर ओढायचं नाही. ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवलं की ग्लुटेन सैलावतं आणि तीच दोरी मुकाट लांबते. ही दहा मिनिटं मला सगळ्या कृतीत मोलाची वाटतात. मग दोन दोऱ्या शेजारी ठेवून एक तळवा पुढे, दुसरा मागे फिरवायचा, की पीळ पडतो. टोकं जुळवून घट्ट दाबायची, नाहीतर भाजताना कडं उकलतं.

तीळ धरून ठेवतो तो पेकमेझ, म्हणजे द्राक्षाचा रस आटवून केलेला दाट पाक. मी त्याऐवजी आपली उसाची काकवी घेते, तेवढंच पाणी घालून. चव थोडी बदलते, पण तांबूस रंग तसाच चढतो. अंकाऱ्याचा सिमित इस्तंबूलच्यापेक्षा काळसर असतो, तोही या पाकामुळेच.

तीळ आधी कोरडे भाजून घ्यावेत. २२० अंशांवर कडं पंधरा-अठरा मिनिटांत होतं, तेवढ्यात वरचे तीळ खमंग होतात, पण पिळाच्या खाचांतले आणि तळाचे फिकेच राहतात. खरी मजा तर त्या खाचांतच असते: तीळ तिथे दाटीने बसतात आणि पिळामुळे प्रत्येक घासाला कुरकुरीत कडा जास्त येते.

सिमित त्याच दिवशी खावा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी आडवा चिरून तव्यावर शेकते, आत चीज आणि टोमॅटो घालते.