आमचा नवा छंद : सूक्ष्मदर्शक यंत्र

मनुष्याच्या वयाला चाळीस वर्षें झालीं म्हणजे त्याच्या नाकावर जो चष्मा येऊन बसतो, त्यालाच आपल्या भाषेंत ‘चाळिशी’ असें नांव पडलें आहे. वय आणि उपकरण ह्या दोहोंना एकच शब्द योजणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या विनोदबुद्धीचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. ज्या वयांत वर्तमानपत्र हातभर दूर धरल्यावांचून वाचतां येत नाहीं, त्याच वयांत उघड्या डोळ्यांना मुळींच न दिसणाऱ्या वस्तु पाहण्याचा छंद आम्हीं लावून घेतला, हें ऐकून आमचे कित्येक स्नेही हंसले. त्यांच्या हंसण्यांत आम्हीही सामील झालों. तथापि गेल्या दोन वर्षांत ह्या छंदानें आम्हांला जें शिकविलें, तें आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या आईबापांना सांगितल्यावांचून राहवत नाहीं. म्हणून वार्षिकाच्या संपादकांकडून हीं चार पानें मागून घेतलीं आहेत.

यंत्र आम्हीं साधेंच घेतलें. हरियाणांतील अंबाला शहरीं विज्ञानाचीं उपकरणें तयार करण्याचा मोठा उद्योग आहे; तेथें बनलेलें, शाळांतून वापरतात तशा प्रतीचें हें यंत्र आहे. त्यांत दोन ठिकाणच्या भिंगांचें काम चालतें. वस्तूजवळचें भिंग वस्तूची मोठी प्रतिमा तयार करितें आणि डोळ्याजवळचें भिंग ती प्रतिमा आणखी मोठी करून दाखवितें. डोळ्याजवळचें भिंग १० पटींचें असून वस्तूजवळचीं तीन भिंगें अनुक्रमें ४, १० व ४० पटींचीं असलीं, तर वस्तु एकंदरींत ४०, १०० व ४०० पट मोठी दिसते. नवशिक्याला वाटतें कीं, एकदम मोठें भिंग लावावें म्हणजे झालें. परंतु वस्तु जितकी अधिक मोठी दिसावी, तितकें दृष्टीच्या टप्प्यांत येणारें क्षेत्र लहान होतें आणि प्रकाशही मंद होतो. ज्याला गांव पाहावयाचा आहे त्यानें प्रथम टेकडीवर उभें राहावें. एकदम कोणाच्या खिडकींत डोकावूं नये. म्हणून आरंभ नेहमीं सर्वांत लहान भिंगानें करावयाचा.

दुसरी गंमत अशी कीं, ह्या यंत्रांतील प्रतिमा उलटी असते. कांचपट्टी उजवीकडे सरकविली कीं आंतील प्राणी डावीकडे पळतो. पहिले आठ दिवस आमचा हात आणि आमचा डोळा ह्यांचें मुळींच पटेना. पुढें ती उलटी चाल हाताच्या अंगवळणी पडली. परंतु जें दिसतें त्याचा अर्थ लावण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, ही संवय मात्र तेव्हांपासून लागली ती लागलीच.

काय पाहावें, हा प्रश्न कधींच पडला नाहीं. कांद्याच्या पाकळीवरील पातळ पापुद्रा, जास्वंदीचा पराग, डासाचा पंख, मिठाचा खडा, ह्यांपैकीं प्रत्येकानें आमची एकेक संध्याकाळ घेतली. पण खरी मौज आहे ती सांचलेल्या पाण्यांत. गांवाबाहेरच्या तळ्याचें पाणी आम्हीं कांचेच्या बरणींत आणलें, त्यांत मूठभर वाळलेलें गवत टाकलें आणि बरणी खिडकींत ठेवली. दोनतीन दिवसांत पाणी गढूळ झालें व त्यावर पातळ साय धरली. ती साय म्हणजे असंख्य जीवाणूंची वस्ती होय. मग त्या जीवाणूंवर जगणारे बारीक जीव दिसूं लागले. आणि आठवड्याच्या सुमारास चपलेच्या तळव्यासारख्या आकाराचे पॅरामेशियम इकडून तिकडे धांवूं लागले. त्यांची लांबी मिलिमीटरच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाएवढी आणि सर्व शरीर एकाच पेशीचें! अंगावरील केंसांसारख्या हजारों तंतूंचीं वल्हीं मारीत हा जीव स्वतःभोंवतीं फिरत पुढें जातो. वाटेंत अडथळा आला कीं मागें सरतो, किंचित् वळतो आणि पुन्हां निघतो. व्हॉर्टिसेला नांवाचा घंटेच्या आकाराचा जीव आपल्या देठावर डोलत असतो. जरा धक्का बसला कीं देठाचें वेटोळें करून खालीं बसतो. रोटिफर नांवाच्या प्राण्याच्या तोंडाशीं तर दोन चाकें गरगर फिरत आहेत असें वाटतें. वस्तुतः तेथें चाक नाहीं कीं आंस नाहीं. तंतु एकामागून एक लवतात, आणि आपल्या डोळ्यांना चाक फिरल्याचा भास होतो.

आमच्या कुटुंबानें ह्या बरणीकडे पहिल्या दिवसापासून साशंक दृष्टीनें पाहिलें. “घरांत डासांचें पाळणाघर काढणार आहांत काय?” असा प्रश्न आला, आणि बरणीच्या तोंडाला मलमलीचें फडकें बांधण्याच्या अटीवरच आम्हांला परवानगी मिळाली. अट रास्त होती. हिवतापाच्या जंतूंचा माग रोनाल्ड रॉस ह्यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस लागला, तो डासाच्या पोटांतच. त्या उन्हाळ्यांत घामानें त्यांच्या यंत्राचे स्क्रू गंजले होते, भिंगाला तडा गेला होता, आणि पंख्याचा वारा घ्यावा तर मेजावरील डास उडून जावयाचे. अशा स्थितींत ते एकेक डास तपाशीत बसले. १९०२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या मानानें आमच्या खिडकीजवळची खुर्ची फारच सुखाची.

ह्या छंदाच्या मूळ पुरुषाची गोष्ट मुलांना आम्ही नेहमीं सांगतों. आंतोनी व्हान लेव्हेनहूक हे हॉलंडांतील डेल्फ्ट शहरचे कापडाचे व्यापारी. त्यांचा जन्म १६३२ सालचा व मृत्यु १७२३ सालचा. विद्यापीठाचें शिक्षण त्यांना मिळालें नव्हतें, आणि त्या काळीं पंडितांची भाषा जी लॅटिन, तीही त्यांना येत नव्हती. स्वतःच्या हातानें केलेलें मण्याएवढें एकच भिंग धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्यें बसवून ते पाहत असत. त्यांचीं जीं यंत्रें आज शिल्लक आहेत, त्यांतील सर्वांत प्रखर यंत्र वस्तु सुमारें २७० पट मोठी दाखवितें. मिरें तिखट कां लागतें, हें शोधून काढण्यासाठीं त्यांनीं मिरीं पाण्यांत भिजत घातलीं. तिखटपणाचें कारण कांहीं सांपडलें नाहीं. परंतु त्या पाण्यांत त्यांना अगणित सूक्ष्म जीव दिसले, व १६७६ सालीं त्यांनीं तें लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळविलें. तेथील विद्वानांना तें खरें वाटेना. तेव्हां ज्यांनीं स्वतः ते जीव पाहिले होते अशा प्रतिष्ठित गृहस्थांच्या लेखी साक्षी लेव्हेनहूक ह्यांनीं पाठवून दिल्या. त्यांत धर्मोपदेशकही होते. पुढें १६७७ सालीं रॉबर्ट हूक ह्यांनीं मिऱ्याच्या पाण्याचा प्रयोग स्वतः करून पाहिला व तेच जीव सभासदांना दाखविले. हे हूक म्हणजे ज्यांनीं १६६५ सालच्या आपल्या ग्रंथांत बुचाच्या पातळ कापांतील कोठड्यांना प्रथम ‘सेल’ हें नांव दिलें तेच. त्या शब्दाला आपण पेशी म्हणतों. १६८० सालीं सोसायटीनें त्या कापडाच्या व्यापाऱ्याला आपला सभासद करून घेतलें. पाहणाऱ्यानें सांगावें, दुसऱ्यानें पडताळावें, आणि मगच सर्वांनीं मानावें, हा शास्त्राचा रस्ता ह्या गोष्टींत स्पष्ट दिसतो.

ह्या रस्त्यावर चालणें किती कठीण आहे, तें आमच्या वर्गांत दिसून आलें. गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या मुलामुलींना आम्हीं तळ्याचें पाणी दाखविलें, आणि जें दिसेल तें वहींत काढावयास सांगितलें. आरंभींच एका मुलानें “सर, केवढा मोठा जीव सांपडला!” म्हणून आरोळी ठोकली. तो हवेचा बुडबुडा होता. बुडबुड्याची कड जाड, काळी व अगदीं वाटोळी असते, हें एकदां समजलें म्हणजे पुन्हां फसगत होत नाहीं. कांचेचें झांकण एका बाजूनें तिरकें टेकवून हळूच सोडलें तर बुडबुडे सहसा येतही नाहींत. मग वह्या तपासावयास घेतल्या. बहुतेक वह्यांत पॅरामेशियमची सुबक आकृति होती. केंद्रकासह सर्व भाग यथास्थित, नांवांसुद्धां. ती आकृति पाठ्यपुस्तकांतील होती. रंग दिल्यावांचून केंद्रक सहसा दिसत नाहीं, आणि त्या दिवशीं आम्हीं रंग दिलाच नव्हता. एका मुलीच्या वहींत मात्र अर्धाच प्राणी होता. बाकीचा कोठें गेला, असें विचारतां ती हळूच म्हणाली, “बाकीचा शेवाळाखालीं होता, सर. तो बाहेर आलाच नाहीं.” वर्ग हंसला. आम्हीं ती वही उंच धरून सर्वांना दाखविली, आणि त्या दिवशींचे सर्वांत अधिक गुण त्या अर्ध्या प्राण्याला दिले.

कांहीं मुलांना हा अन्याय वाटला. एका पालकांनीं तर शाळेंत येऊन तसें विचारलेंही. आम्हीं त्यांना इतकेंच म्हणालों कीं, पाठ्यपुस्तकांतील आकृति परीक्षेंत अवश्य काढावी, तिचे गुण मिळतील. परंतु ‘मीं काय पाहिलें’ ह्या मथळ्याखालीं दुसऱ्यानें पाहिलेलें काढणें, ही खोटी साक्ष होय.

हा शब्द कोणास जड वाटेल. पण पुढें दोनच महिन्यांनीं त्याचें वजन आम्हांला प्रत्यक्ष कळलें. जवळच्या खेड्यांतील एक पालक बाटलींत विहिरीचें पाणी घेऊन आमच्या दारीं आले. “गुरुजी, धाकट्याचं पोट सारखं बिघडतंय. तुमच्या यंत्रातून बघून सांगा, पाणी चांगलं आहे ना?” आम्हीं एक थेंब पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पाणी नितळ, धुळीचे चार कण व कापसाचा एक धागा, ह्यापलीकडे कांहीं नाहीं. ‘पाणी स्वच्छ आहे’ एवढे तीन शब्द उच्चारले असते, तर ते गृहस्थ समाधानानें घरीं गेले असते आणि आमच्या यंत्राची कीर्तिही पंचक्रोशींत पसरली असती. परंतु रोग उत्पन्न करणारे जीवाणू मिलिमीटरच्या एकदोन हजारांशांएवढे लहान. आमच्या यंत्रांत दिसलेच तर ते नुसते ठिपके दिसावयाचे. त्यांतील घातक कोण व निरुपद्रवी कोण, हें ठिपक्यावरून कळत नाहीं. आणि सबंध विहिरीच्या मानानें तीन थेंब ते काय! “हें सांगणें ह्या यंत्राच्या आवांक्याबाहेरचें आहे,” असें आम्हीं म्हणतांच त्यांचा चेहरा उतरला. तेव्हां मुलाला डॉक्टरांना दाखवावें, पाणी उकळून प्यावें, आणि ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवावा, असें सुचविलें व अर्ज लिहून दिला. कांहीं दिवसांनीं अहवाल आला : पाणी पिण्यास अयोग्य. मग विहिरींत रीतसर ब्लीचिंग पावडर पडली. तो धाकटा यंदां आमच्या शाळेंत पांचवींत दाखल झाला आहे. मधल्या सुट्टींत तो धांवतांना दिसला कीं, ते न उच्चारलेले तीन शब्द आम्हांला आठवतात.

मोठ्या शास्त्रज्ञांनींही हाच संयम पाळला आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्यांना १८८३ सालीं मिसर देशांत पटकीनें मेलेल्यांच्या आंतड्यांत एक विशिष्ट जीवाणू दिसला. पण नुसत्या दिसण्यावर त्यांनीं निर्णय दिला नाहीं. ते कलकत्त्यास आले, तेथें १८८४ सालीं त्यांनीं तो स्वल्पविरामासारखा वांकडा जीवाणू इतरांपासून निराळा करून वाढविला, आणि लोक ज्याचें पाणी पीत अशा एका तलावांतही तो शोधून काढला. दिसणें ही सुरुवात. खात्री ही पुढची मजल.

आतां पालकांना एक विनंति. ह्या छंदानें गुण वाढतील काय, असें आम्हांला पुष्कळ जण विचारतात. त्याची हमी आम्ही देत नाहीं. परंतु एक तास स्वस्थ बसून एका थेंबाकडे पाहणारें मूल पुढें वर्तमानपत्रांतील बातमीकडे, बाजारांतील जाहिरातीकडे आणि मोबाईलवर आलेल्या निरोपाकडेही तसेंच थांबून पाहील, अशी आम्हांला आशा आहे. खर्चाची फार धास्ती नको. मीरतेंत जन्मलेले मनु प्रकाश व त्यांचे सहकारी ह्यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत घडीच्या कागदाचें एक सूक्ष्मदर्शक तयार करून २०१४ सालीं तें जगापुढें मांडलें. त्यांतही लेव्हेनहूकांच्या यंत्राप्रमाणें मण्याएवढें एकच भिंग असून तें वस्तु सुमारें १४० पट मोठी दाखवितें. पॅरामेशियम पाहावयास तेवढें पुरे.

मुलांनो, आरंभ करणाऱ्यांसाठीं थोड्या सूचना. आरशाच्या यंत्रांत प्रत्यक्ष सूर्याचा प्रकाश कधींही घेऊं नका. डोळा जन्माचा जाईल. भिंग खालीं आणावयाचें तें बाजूनें पाहत आणा, व नेत्रभिंगांतून पाहतांना तें फक्त वर उचला. म्हणजे कांचपट्टी फुटणार नाहीं. तळ्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणानें हात धुवा. आणि एक वही ठेवा. तींत दिवस लिहा, पाणी कोठलें तें लिहा, भिंग कितीचें तें लिहा. जें दिसलें तें काढा. जें दिसलें नाहीं त्याची जागा कोरी राहूं द्या. कोरी जागा पाहून आम्ही कधींही गुण कापणार नाहीं.