शीळ ते संतूर

जी. एन. जोशी (१९०९-१९९४) हे नाव घेतलं की हल्लीची मुलं "कोण बुवा हे?" अशा चेहऱ्याने बघतात. माझ्या वयाच्या लोकांना निदान 'शीळ' आठवते. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ही कविता जोशींनी स्वतः चाल लावून गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली. नाटकाच्या पदांवर पोसलेल्या मराठी कानांना साधी कविता गुणगुणायची सवय लागली ती अशा तबकड्यांमुळे. भावगीत, भावगीत म्हणतो ते हेच.

वकिलीचं शिक्षण घेतलेला हा गायक पुढे एच. एम. व्ही. कंपनीत गेला आणि दुसऱ्यांचं गाणं मुद्रित करू लागला. मला त्यांचं हे काम जास्त मोलाचं वाटतं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग फुलवणाऱ्या उस्तादाला "एवढ्यात आटपा" हे सांगायचं कुणी? सांगणारा त्याच साडेतीन मिनिटांत स्वतः गायलेला असेल, तर गोष्ट वेगळी! बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर अशा थोर कलावंतांच्या आठवणी त्यांनी पुढे पुस्तकात लिहून ठेवल्या.

मग एल. पी. आली, वेळ वाढला. १९६७ मध्ये जोशींनी 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून पुढे रागारागांतून उलगडणारा. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा, तिघेही तिशीच्या आसपासचे. तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूर आणि गिटार यांना शास्त्रीय मैफलीत अजून पुरतं पाट-पाणी मिळालं नव्हतं. त्यांच्यावर भरवसा टाकायला जाणता कान हवा आणि छातीही हवी. ती रेकॉर्ड जगभर ऐकली गेली.

या नादात जोशींचं स्वतःचं गाणं मागे पडलं का? पडलं असेल. आम्हा शिक्षकांनाही हा हिशेब ठाऊक असतो. मुलं पुढे जातात, आपलं नाव हजेरीपटात राहतं. पण त्याला तोटा म्हणायला माझं मन तयार नाही. संतूर ऐकताना मला आता 'शीळ' गाणाऱ्याचा कानही ऐकू येतो.