सुट्टीतली खरेदी

जोडून सुट्ट्या आल्या की पिशोरहून छत्रपती संभाजीनगरला जावे, नान-खलिया खावा, गुलमंडीत खरेदी करावी, हा आम्हां दोघा प्राध्यापकांचा परिपाठ. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली. तिच्यामागोमाग नान-खलिया आणि हिमरूची विणकाम-कला इकडे आली, असे परंपरेने सांगितले जाते. खलिया रोज संपतो, म्हणून रोज शिजतो. सुती ताणा आणि रेशमी बाण्याची हातमागावरची हिमरू शाल मात्र वर्षानुवर्षे पुरते. शिवाय यंत्रमागावरची नक्कल स्वस्तात मिळते. यंदा आम्ही हातमागाचीच शाल घेतली, घासाघीस न करता. एका शालीने माग चालत नाही, हे खरे. पण कलेचे मोल वर्गात सांगणाऱ्यांनी ते दुकानात नाकारू नये.