आपल्या कल्याणचा सोनार

यंदा मे महिन्यात गावी जाणे झाले नाही. यांना कारखान्यातून रजा नव्हती आणि वह्या-पुस्तकांचे पैसे बाजूला काढल्यावर भाड्यापुरतेही उरत नव्हते. चाळीतली पोरे एकेक करून गेली, तशी आमची दोघे हिरमुसली.

मग एका रविवारी भाकरी-ठेचा बांधून निघालो. कल्याणहून दादर, तिथे गाडी बदलून बोरिवली आणि पुढे उद्यानाच्या बसने कान्हेरी. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी! चैत्यगृहात वंदना घेतली. धाकटा स्तूपाभोवती फेऱ्या मारून दमला.

पण मला नवल वाटले ते पाण्याचे. लेण्यांपाशी खडकात टाकी खोदलेली. पावसाचे पाणी पन्हळींतून त्यांत उतरते. ऐन उन्हाळ्यातही एका टाक्यात पाणी होते. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, म्हणून मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले. शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. एक पोढी कल्याणच्या सोनाराने दान दिली, असाही लेख आहे, हे यांनी सांगितले.

“आपल्या कल्याणचा?” थोरलीचे डोळे मोठे झाले.

गावाला गेलेल्या मैत्रिणी कधी येणार, असे ती आता रोज विचारते.