नाथसागराच्या काठी तीन निवांत दिवस

दोस्तांनो, ग्रीस देशाचा नकाशा कधी नीट पाहिलाय का? नसेल तर आज ॲटलास काढाच. निळ्या समुद्रात कुणीतरी मूठभर खडे भिरकावून द्यावेत, तशी बेटं दिसतील. लहान-मोठी सगळी मोजली तर हजारोंनी भरतात. माणसांची वस्ती मात्र सव्वादोनशेच्या आसपास बेटांवरच आहे. त्यांतलं सँटोरिनी तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. पांढरीशुभ्र घरं आणि निळे घुमट! पण उन्हाळ्यात तिथे बोटी भरभरून प्रवासी उतरतात आणि गल्लीतून चालताना खांद्याला खांदा लागतो. म्हणून शहाणे प्रवासी काय करतात, ठाऊक आहे? फारसं कुणाला माहीत नसलेलं एखादं चिमुकलं बेट निवडतात आणि आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकतात. सकाळी पाण्याकाठी बसायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी पुन्हा पाण्याकाठी. बस्स!

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरात. ग्रीसचं तिकीट काय आमचे काका काढून देणार?" नाही देणार. पण आपल्या शहरापासून पन्नास किलोमीटरवर एक असं पाणी आहे, की काही ठिकाणी त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्या पाण्यात तीसेक छोटी बेटं आहेत. आणि गंमत म्हणजे त्या पाण्याजवळचं गाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांना नावानिशी माहीत होतं. ओळखलंत? पैठण!

"हात्तिच्या! पैठण आम्ही पाहिलंय." पाहिलं असेल हो. पण कसं? सकाळी सहलीच्या बसमध्ये बसलात, नाथांचं दर्शन घेतलंत, बागेत डबा खाल्लात, पैठणीच्या दुकानात आईचा दीड तास गेला आणि अंधाराच्या आत घरी. आपले लोक वेरूळ-अजिंठाही असंच उरकतात. या वेळी तीन दिवस आणि दोन रात्री पैठणलाच राहायचं. आहे कबूल?

तर बेत कसा आखायचा ते बघू. पहिला प्रश्न, जायचं कधी? उन्हाळ्याच्या सुट्टीत मुळीच नको. मराठवाड्याचा मे महिना तुम्हाला नव्यानं सांगायला नको! दिवाळीत पाणी भरपूर असतं, पण तेच जरा अडचणीचं. धरण काठोकाठ भरलेलं असलं की काठचा चिखल पाण्याखाली असतो, आणि पुष्कळ पक्ष्यांचं ताट म्हणजे तो चिखलच. पुढे पाणी हळूहळू ओसरतं, दलदल उघडी पडते आणि पंगती बसतात. म्हणून डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाताळची सुट्टी घ्या, नाहीतर सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तर तो साधा. शिवाय त्या दिवसांत ज्वारीचा हुरडा असतो. कुणाच्या शेतावर आगटी पेटली आणि बोलावणं आलं, तर आढेवेढे घेऊ नका.

फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे साधारण मार्चमध्ये, नाथषष्ठीची यात्रा असते. गावोगावच्या दिंड्या येतात, वाळवंट माणसांनी फुलून जातं. तो सोहळा एकदा पाहावा असाच आहे. पण निवांतपणासाठी ती वेळ नव्हे.

जायचं कसं, हे तर सोपं. मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणची एसटी पकडा. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत गाडी पैठणला पोचते. राहायला गावात लॉज आणि भक्तनिवास आहेत. निघायच्या आधी फोन करून खोली ठरवा. (आई-बाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी!)

सामान थोडकंच. टोपी, स्वेटर, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं; नसेल तर ओळखीत कुणाकडे तरी निघतेच. वाचनालयातून मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आधी चाळून ठेवा. कपडे मात्र खाकी, मातकट किंवा हिरवे. लालभडक जर्किन घालून पाणथळीवर गेलात, तर पक्षी तुम्हाला आधी पाहतील आणि तुम्हाला त्यांची पाठच दिसेल.

पोचाल त्या दिवशी काहीही ठरवू नका. जेवा, झोपा, आणि उन्हं कलली की गोदावरीच्या घाटावर जा. नागघाटावर बसलं की ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा कुणी ना कुणी सांगतंच. पायऱ्यांवर बसून नुसतं पाणी बघा. अर्ध्या तासात कंटाळा येईल. येऊ द्या! कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावरच बारीकसारीक गोष्टी दिसू लागतात: पाण्यावर सूर मारणारा खंड्या, धुणं आपटणाऱ्या बायकांची लय, पलीकडून येणारी होडी.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं. हा दिवस नाथसागराचा.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. 'पैठणच्या धरणाला जायकवाडी का म्हणतात?' असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? निजामाच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं घाटत होतं. पुढे जागा बदलून वर पैठणला आली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाची भिंत मातीची आणि लांबी जवळजवळ दहा किलोमीटर! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं म्हटलं तर दोन-अडीच तास लागतील. दरवाजे सत्तावीस. पूर्ण भरल्यावर पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं.

एवढं पाणी पसरलं, म्हणजे तेवढी जमीन बुडाली. जमीन कुणाची? शेतकऱ्यांची. या पाण्याखाली गावं आहेत: घरं, विहिरी, पार, देवळं. ती माणसं उठून दुसरीकडे गेली. तुमच्या वर्गात कुणाचे आजी-आजोबा 'आमचं जुनं गाव धरणात गेलं' असं म्हणत असतील, तर त्यांना विचारा ते कसं होतं. आणि ती बेटं? ती आकाशातून पडलेली नाहीत. कुणाच्या तरी शिवारातले उंचवटे, टेकाडं पाण्याबाहेर राहिली, तीच आजची बेटं. काठावर उभं राहून एखाद्या बेटाकडे बघताना हे लक्षात असू द्या.

त्या बेटांवर आपण जायचं नाही, बरं का! हे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. सुरयसारखे पक्षी उघड्या जमिनीवर, खडे-वाळूतच अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात. पाय पडला तरी कळायचं नाही. ग्रीसमधल्या अनोळखी बेटावर खोली तरी भाड्यानं मिळते, नाथसागराचं बेट मात्र पक्ष्यांसाठीच राखून ठेवलंय. आपण काठावरूनच बघायचं. कुठल्या काठावर सध्या पक्षी आहेत हे दरवर्षी पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलतं, तेव्हा वनखात्याच्या माणसांना विचारून जा. मोठं माणूस बरोबर हवंच. गाळ वरून कोरडा दिसतो आणि आत गुडघाभर रुततो, म्हणून पाण्याच्या कडेपासून चार हात लांबच थांबा. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जायचं नाही.

एकदा जागा धरली की हलायचं नाही. मोबाइलवर गाणी लावायची नाहीत, टाळ्या वाजवून थवा उडवायचा नाही. "पण उडताना फोटो मस्त येतो!" येतो ना. पण एका उड्डाणात पक्ष्याचा किती दाणापाणी खर्च होतो, याचा हिशेब करा. त्यातला पट्टकादंब तर हिमालय ओलांडून आलेला असतो! राखाडी अंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून तो पट्टकादंब. नारिंगी-तपकिरी चक्रवाक जोडीजोडीनं दिसतील. चमचा नावाचा पक्षी चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे फिरवतो, आजी डाळ घोटते तसा. शेकाट्याचे पाय इतके लांब आणि लाल, की पेन्सिली लावल्यासारखे वाटतात. आणि नशीब जोरावर असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. लांबून नुसती गुलाबी रेघ दिसते. दुर्बीण लावली की त्या रेघेला माना फुटतात.

मला विचाराल तर माझा लाडका पक्षी वारकरी. काळाकुळकुळीत, आणि कपाळावर पांढरा टिळा! इंग्रजीतलं 'कूट' हे नाव त्याच्यापुढे अगदीच फिकं. ते थव्यानं पोहत असतात, तेव्हा दिंडीच निघाल्यासारखी वाटते. नाथांच्या पैठणला शोभेलसाच पक्षी!

याच पाण्यात भोई लोक होड्या घालून जाळी टाकतात. त्यांचं पोट त्यावर आहे. एखादे काका जाळं सुकवत बसले असतील तर नमस्कार करून गप्पा मारा. आज वारा कुठून आहे, पाणी किती उतरलंय, हे त्यांना आपल्या दुर्बिणीपेक्षा चांगलं कळतं.

पाणी उतरतं म्हणजे काय, हे आपल्या शहरातल्या मुलांना खरं तर पाठ हवं. कारण आपल्या नळाला येतं ते हेच पाणी. धरण भरलं की पातळी १५२२ फूट असते. शहर त्याहून बरंच उंचावर. म्हणजे सगळं पाणी पंपानं वर चढवावं लागतं. आपल्या शहरानं नळाला रोज पाणी नाही अशी कित्येक वर्षं काढली आहेत, ते तुम्हाला माहीतच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून इतकं पाणी सोडावं लागलं की पैठण गावात पूर शिरला. आणि त्याच धरणाचा जिवंत साठा २०१६ च्या उन्हाळ्यात शून्यावर आला होता! जिवंत साठा म्हणजे एरवी वापरता येणारं पाणी. त्याखालचा तो मृत साठा. तेव्हा शहराची तहान त्या मृत साठ्यावर भागवावी लागली. मुक्कामी असताना पाण्याची आजची पातळी कुणाला तरी विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

तिसरा दिवस गावाचा. पायी हिंडायचं. नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्या नावाच्या मुलाच्या रूपात देव नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरत होता, अशी कथा सांगतात. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. धरण त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी आलं, पण पैठणच्या गोष्टीत पाणी आधीपासून आहेच.

पैठणीचं दुकान पाहण्याऐवजी माग पाहा. सरकारी केंद्रात विणकर बसलेले दिसतात. पदरावरचा मोर रंगवलेला नसतो की भरतकाम केलेला नसतो. रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या हातानं फिरवून, धाग्यात धागा अडकवत तो विणतात. तासभर बघत बसलात तर कापड किती बोटं पुढे सरकलं ते मोजा. मग आईला किंमत जास्त वाटणार नाही. (कदाचित वाटेलही!)

जुन्या गावात चालताना चढ लागतो. ती साधी टेकडी नव्हे. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यांवर नवी बांधली, त्यातून तयार झालेली ही पांढरीची टेकाडं. पावसानं माती वाहून गेली की खापरं आणि मणी वर येतात. सापडलं तर खिशात घालू नका, जिथे आहे तिथेच राहू द्या. पैठणच्या बाळासाहेब पाटील यांनी जमवलेल्या पुराणवस्तूंचं संग्रहालय गावात आहे, ते उघडं कधी असतं ते विचारून जा. ज्ञानेश्वर उद्यानाचीही आधी चौकशी करा. तुमच्या आई-बाबांच्या सहली तिथे यायच्या, पण मध्ये ती बाग बरीच वर्षं ओस पडली होती.

आणि हो, ग्रीक राहिलेच की! इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक पुस्तक आहे, 'पेरिप्लस'. समुद्रावरच्या व्यापाऱ्यांसाठी केलेली ती वाटाड्याची वहीच म्हणा. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात म्हटलंय, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैठाण' आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर', म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणचे रंगीत दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात आणि तिथून जहाजात चढत. पुढच्या शतकात टॉलेमी नावाच्या भूगोलतज्ज्ञानंही 'बैठण' ही राजधानी नोंदवली आणि राजाचं नाव लिहिलं 'पोलेमाइओस'. हा कोण परका राजा, असं वाटलं ना? अहो, तो आपला सातवाहन राजा पुळुमावी! ग्रीक कानांनी ऐकल्यावर त्याचं असं झालं.

भडोचहून वीस दिवस लागायचे, तुम्हाला शहरातून दीड-दोन तास. परतीच्या एसटीत खिडकी पकडा आणि रस्त्याच्या कडेची मोठी जलवाहिनी शोधा.  आतलं पाणी तुमच्याबरोबरच वर शहराकडे चाललेलं असतं.